घोडबंदर रोडच्या नर्सऱ्या: फुललेलं रोप राहू द्या, वाळकी काडी घ्या

घरात मृत्यू झालाय, लांबलेलं आजारपण चाललंय किंवा नोकरी गेलीय, अशा वेळी कुणीतरी सुचवतंच की गॅलरीत चार झाडं लावा, मन रमेल. ख्रिस्ती घरात या सांगण्याला आणखी एक पदर असतो. प्रभू येशूचे कितीतरी दाखले मातीतून आलेले आहेत आणि हातात खुरपं असलं की ते जास्त कळतात. ठाण्यात झाडं घ्यायची म्हटलं की पहिली धाव घोडबंदर रोडकडे. माजिवड्यावरून गायमुखाकडे जाताना रस्त्याकडेला ज्या नर्सऱ्या लागतात, त्यांचं हे परीक्षण आहे. पाहिलं एवढंच, की दुःखात असलेल्या माणसाला प्रार्थनेची छोटी बाग लावायची असेल तर इथून काय घ्यावं आणि काय घेऊ नये.

नर्सरीवाला पुढे मांडतो ती फुललेली झाडं: शेवंती, झेंडू, पेटुनिया. ती घेऊ नका. फुलावर आलेलं रोप घरी येऊन आठ-पंधरा दिवसांत उतरायला लागतं. ज्याचं मन आधीच खचलंय त्याला वाटतं, माझ्या हाताला काही लागतच नाही. मागच्या रांगेत जा. तिथे उघड्याबोडक्या काड्या असतात, त्यांत तुमचं झाड आहे.

सगळ्यात चांगली खरेदी अंजिराची. आपल्याकडे पुरंदरची अंजिरं प्रसिद्ध, आणि नर्सऱ्यांत बहुतेक वेळा ‘पूना’ जातीचं रोप मिळतं. पेन्सिलीपेक्षा जाड खोड, दोन फुटांच्या आत उंची आणि पिशवीच्या तळातून किंचित बाहेर डोकावणारी मुळं पाहून घ्या. थंडीत अंजिराची पानं गळतात, कधी अर्धी, कधी सगळी. नेमकं तेव्हाच ‘मेलं’ म्हणून ते टाकून दिलं जातं. टाकण्याआधी खोडावर नखाने चिमूटभर साल खरवडा. आत ओलसर हिरवी रेघ दिसली तर झाड जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं असेल तर आणखी खाली खरवडून बघा. या काळात पाणी निम्म्यावर आणायचं. पानं नसलेलं झाड पाणी ओढत नाही आणि ओल्या मातीत मुळं कुजतात. काळजीपोटी जास्त पाणी घालून मारलेली अंजिरं उन्हाने मेलेल्यांपेक्षा जास्त असतात.

बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात 13व्या अध्यायातला दाखला याच झाडाचा. मालक तीन वर्षं फळ शोधत येतो आणि तोडायला सांगतो. माळी म्हणतो, यंदा राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो. हे कुंडीत करून बघा. पंधरा इंची कुंडीत खोडापासून चार बोटं सोडून गोल आळं करा, दीड-दोन इंचांपेक्षा खोल जाऊ नका, कारण अंजिराची बारीक मुळं वरच असतात. त्यात दोन ओंजळी कुजलेलं शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड घाला, माती ओढा, पाणी द्या. महिन्यातून एकदा पुरे. खत ताजं असलं तर मुळं भाजतात. हाताला गरम लागलं किंवा वास मारला तर दुकानदाराला परत द्या. या दाखल्याचा शेवट उघडा आहे, फळ आलं की नाही ते प्रभू सांगत नाही. ज्याच्या घरात रिपोर्टची वाट बघणं चाललंय, त्याला हा अर्धवट शेवट सोबत करतो.

द्राक्षवेलीच्या बाबतीत नर्सऱ्यांना आमचे गुण थोडे कमी. आपल्याकडे द्राक्ष बहुधा ‘डॉगरिज’ या खुंटावर, म्हणजे दुसऱ्या वेलीच्या मुळासकट खोडावर, कलम केलेलं असतं. काही ठिकाणी कलम न केलेला नुसता खुंटच ‘द्राक्ष’ म्हणून विकला जातो. तो भराभर वाढतो, आणि माणूस घडांची वाट बघत बसतो. जमिनीपासून वीतभर उंचीवर कलमाचा जोड, म्हणजे थोडी फुगलेली, वाकडी गाठ दिसते का ते पाहा. गाठीखालून फुटणारा प्रत्येक फुटवा खुडून टाका, नाहीतर तो वरच्या वेलीचं अन्न खाईल.

ही वेल घेण्याचं खरं कारण छाटणी. नाशिक-सांगलीकडे द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते, एप्रिलमध्ये खरड छाटणी आणि ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. गॅलरीतही तेच वेळापत्रक ठेवा. सिकेटर, म्हणजे छाटणीची कात्री, धारदार हवी. आधी पाते स्पिरिटने पुसा आणि डोळ्याच्या, म्हणजे कोंब फुटतो त्या उंचवट्याच्या, वर अर्धा इंच सोडून तिरका काप घ्या. बोथट कात्रीने काडी चेचते आणि तिथून सड शिरते. कापल्यावर कधीकधी टोकातून थेंब थेंब पाणी टपकतं. ते थांबवायला मेण-बिण लावू नका, आपोआप थांबतं. दोन-तीन आठवड्यांत डोळे फुगतात. ठाण्याच्या दमट हवेत केवडा आणि भुरी हे रोग येणारच, म्हणून नाशिकसारख्या घडांची आशा धरू नका आणि रोगट पानं लगेच काढत जा.

योहानच्या 15व्या अध्यायात पिता माळी आहे. फळ न देणारा फाटा तो काढून टाकतो आणि फळ देणाऱ्याची छाटणी करतो. हे दुसरं वाक्य सुटून जातं. कात्री फळ देणाऱ्या फाट्यालाही लागते, म्हणजे प्रत्येक कापामागे शिक्षा असतेच असं नाही. पण एक विनंती: मूल गमावलेल्या आईला ‘देवाने छाटणी केली’ असं सांत्वन करायला जाऊ नका. हा धडा तिने स्वतः, स्वतःच्या वेळेला शिकायचा आहे. तुम्ही फक्त वेल नेऊन द्या, आणि कात्री नीट धरायला शिकवा.

जैतून अलीकडे काही नर्सऱ्यांत ‘ऑलिव्ह’ म्हणून मिळतं. अटकेच्या आधी येशूने जिथे प्रार्थना केली त्या गेथशेमाने या नावाचा अर्थच तेलाचा घाणा, त्यामुळे ओढ वाटणं स्वाभाविक आहे. तरी घेऊ नका. फुलोऱ्यासाठी या झाडाला थंड हिवाळा लागतो, तो ठाण्यात नाही. शिवाय आपल्या पावसात मुळं सडतात. एका जैतुनाच्या पैशात अंजीर, द्राक्ष आणि खताची पिशवी सहज येते. आधीच घेऊन ठेवलं असेल तर बायबलमधल्या हबक्कूक संदेष्ट्याच्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट त्याच्याशेजारी बसून वाचा. अंजीर फुललं नाही, वेलीला फळ नाही, जैतुनाने निराशा केली, तरी मी परमेश्वरात आनंद करीन, असा त्याचा भाव आहे.

कृष्णकमळ मात्र जरूर घ्या, इथे ते चांगलं आणि स्वस्त मिळतं. आपण त्याच्यात पाच पांडव आणि शंभर कौरव बघतो. स्पॅनिश मिशनऱ्यांनी त्याच फुलात ख्रिस्ताचं दुःखसहन पाहिलं: झालरीत काट्यांचा मुकुट, पाच पुंकेसरांत पाच जखमा, तीन स्त्रीकेसरांत तीन खिळे. ‘पॅशन फ्लॉवर’ हे इंग्रजी नाव तिथूनच आलं. फूल एकच दिवस टिकतं, म्हणून उमललेल्या दिवशीच बघायचं. काटेरी खोडाचं, लाल-गुलाबी फुलांचं ‘क्राऊन ऑफ थॉर्न्स’ ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यासाठी अनेकजण नेतात. त्याचा चीक डोळ्यांत गेला तर जबर आग होते, लहान मुलं असतील तर कुंडी उंचावर ठेवा.

माती हा या नर्सऱ्यांचा सगळ्यात कच्चा दुवा. तयार मिश्रणाच्या पिशव्यांत बहुतेक कोकोपीटच, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा, भरलेलं असतं. मूठभर मिश्रण ग्लासभर पाण्यात टाका. बरंचसं वर तरंगलं तर ते कोकोपीट, घेऊ नका. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, अर्धा भाग जाड वाळू आणि अर्धा भाग दोनदा धुतलेलं कोकोपीट असं घरीच मिसळा. न धुतलेल्या कोकोपीटमध्ये मीठ असतं, त्याने पानांच्या कडा करपतात. आणखी एक अडचण: रोपाच्या पिशवीतला चिकणमातीचा गोळा वाळून दगड झालेला असतो आणि वरून घातलेलं पाणी कडेने निसटतं. पिशवीसकट रोप बादलीत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत, म्हणजे साधारण दहा मिनिटं. मग पिशवी फाडून गोळ्याचा खालचा तिसरा हिस्सा हाताने मोकळा करा. ‘रोज पाणी घाला’ हा विक्रेत्याचा सल्ला ऐकू नका. बोट दोन पेरं आत घाला, कोरडं लागलं तरच पाणी.

एकंदरीत रोपांना पाचपैकी चार, मातीला दोन आणि सल्ल्याला अडीच. शनिवार-रविवारी गर्दीत कुणाला बोलायला वेळ नसतो, मधल्या वारी सकाळी जा.

दोन गोष्टींसाठी नर्सरीत जायचीच गरज नाही. मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चमधून मिस्सा आटोपून निघालात की जांभळी नाक्याचा बाजार तिथेच आहे. प्रभूच्या मोहरीच्या दाण्याच्या दाखल्यासाठी वाण्याकडून अख्खी मोहरी घ्या, लोणच्याची डाळ नको, ती उगवत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये अर्धा सेंटिमीटर खोल पेरा, तीन ते पाच दिवसांत कोंब येतो. मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला तर पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा.

आणि मूठभर गहू घ्या. ज्यांच्या घरचं माणूस गेलंय त्यांनी बाकी काही नाही लावलं तरी चालेल, हे लावा. बायबलमधल्या ईयोबच्या पुस्तकात 14व्या अध्यायात तोडलेल्या झाडाला पाण्याच्या वासाने पुन्हा धुमारे फुटतात. पण लगेच पुढे ईयोब म्हणतो, माणूस मात्र निजला की उठत नाही. तिथे थांबू नका, योहानच्या 12व्या अध्यायातल्या, जमिनीत पडून मेला तरच पुष्कळ पीक देणाऱ्या गव्हाच्या दाण्यापर्यंत या. गहू आठ तास भिजवा, चार इंच खोल ट्रेमध्ये एक इंच मातीखाली पेरा, वर ओलं फडकं टाका आणि कोंब दिसताच काढा. पंधराव्या दिवशी एक रोप मुळासकट हळूच उपटा आणि पाण्यात विसळा. मुळांच्या मध्ये तो दाणा अजून असतो. चिमटीत धरून दाबलात तर आत काही लागत नाही, तुसासारखी रिकामी साल तेवढी बोटाला चिकटते, आणि वर वीतभर हिरवी पात उभी असते.