'नो सिम' आलं की लगेच 'बोर्ड गेलाय': या फसवणुकीपासून सावध राहा

फोनवर 'नो सिम' किंवा 'इनव्हॅलिड सिम' असा मेसेज येतो. फोन दुरुस्तीला जातो, काउंटरवरचा माणूस तो आत नेतो आणि थोड्या वेळाने तोंड पाडून बाहेर येतो: "नेटवर्क आयसी गेलाय, बोर्डाचं काम आहे." (आयसी म्हणजे फोनच्या मुख्य बोर्डावरची चिप.) भलंमोठं बिल होतं, फोन चालू होतो आणि गिऱ्हाईक वर आभार मानून घरी जातं. आत झालेलं काम बऱ्याचदा एवढंच असतं, की सिम काढून पुसलं, ट्रेमध्ये नीट बसवलं आणि नेटवर्क सेटिंग रीसेट केली.

हे खपतं, कारण मेसेज एक आणि कारणं अनेक. दोष सिमचा, खाचेचा, सॉफ्टवेअरचा, सिम कंपनीचा की खरंच बोर्डाचा, याचा अंदाज फोन न उघडता घरीच येतो. फोन कोणाच्या हातात देण्याआधी हा अंदाज घ्या.

फोन बंद करा. आपलं सिम दुसऱ्या चालत्या फोनमध्ये घाला आणि त्याच कंपनीचं एखादं चालू सिम आपल्या फोनमध्ये. (कंपनी वेगळी नको. एका कंपनीला लॉक केलेला फोन दुसरीच्या चांगल्या सिमलाही 'इनव्हॅलिड' म्हणतो.) आपलं सिम तिकडेही बंदच, तर गडबड सिमची किंवा कनेक्शनची, फोनला हात लावायचं कारणच नाही. दुसऱ्याचं सिम आपल्या फोनमध्ये चाललं, तर आयसी गेल्याची गोष्ट तिथेच संपली. दोन सिमचा फोन असेल तर खाच बदलूनही पाहा.

दोन्ही सिम आपल्याच फोनमध्ये चालत नसतील, तर *#०६# डायल करा. १५ अंकी आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, दिसायला हवा. अँड्रॉइडमध्ये 'अबाउट फोन'खाली बेसबँड व्हर्जन आणि आयफोनमध्ये 'जनरल'मधल्या 'अबाउट'खाली मोडेम फर्मवेअर असतं, तेही पाहा. (ही दोन्ही नावं मोडेममधल्या, म्हणजे फोनला नेटवर्कशी जोडणाऱ्या चिपमधल्या, सॉफ्टवेअरची.) हे रकाने कोरे असतील किंवा 'अननोन' म्हणत असतील, तर मोडेमचा किंवा त्याच्या फर्मवेअरचा दोष खरा मानायला जागा आहे. सगळं नीट दिसतंय आणि तरी कुठलंच सिम ओळखलं जात नाही, तर आधी संशय सिम रीडरवर, म्हणजे खाचेतल्या सिम वाचणाऱ्या भागावर, घ्या.

रीडर बिघडायचं एक नेहमीचं कारण म्हणजे कापलेलं सिम. मायक्रो सिमची जाडी ०.७६ मिलिमीटर आणि नॅनोची ०.६७. मोठं सिम कात्रीने कापून नॅनोच्या ट्रेमध्ये कोंबलं, की हा ०.०९ मिलिमीटरचा फरक आतल्या स्प्रिंगच्या पिनांवर दाब देतो. छोटं सिम मोठ्या खाचेत बसवायची चौकट, म्हणजे अडॅप्टर, रिकामा घातला तर त्याहून वाईट, बाहेर ओढताना त्याच्या भोकात पिना अडकतात आणि वाकतात. वाकलेल्या पिनेसाठी रीडर बदलणं हे काम आहे, पण त्याचं बिल बोर्डाच्या भावाने लावू देऊ नका.

दुसरं ठरलेलं वाक्य, "अपडेटने नेटवर्क उडालंय, फ्लॅश मारावं लागेल." (फ्लॅश मारणं म्हणजे फोनमधलं सॉफ्टवेअर नव्याने भरणं.) यात अर्धं सत्य आहे म्हणूनच ते पटतं. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आलेल्या आयओएस ८.०.१ ने आयफोन ६ आणि ६ प्लसचं नेटवर्क खरंच घालवलं होतं. पण ॲपलने ते अपडेट लगेच मागे घेतलं आणि दुसऱ्या दिवशी ८.०.२ आणलं. असा दोष बनवणाऱ्याच्या पुढच्या अपडेटनेच जातो. याउलट चुकीच्या फाइलने फ्लॅश मारलं, तर फोनमधला डेटा पुसला जाऊ शकतो, कधी आयएमईआयसुद्धा उडतो, आणि आधी खोटं सांगितलेलं मोठं काम मग खरोखर निघतं. त्याआधी फोन रीस्टार्ट करा, सेटिंगमधूनच पुढचं अपडेट आलंय का ते पाहा आणि नेटवर्क सेटिंग रीसेट करा. त्यात वाय-फायचे पासवर्ड जातात. फोटो आणि कॉन्टॅक्ट जात नाहीत. ब्राउझरमध्ये उगवणारं 'सिम अपडेट करा' हे बटण मात्र दाबूच नका.

पीयूके लॉक हा तर निव्वळ लुटीचा धंदा. सिमचा पिन नंबर ३ वेळा चुकला की ८ अंकी पीयूके, म्हणजे सिम पुन्हा उघडायचा कोड, लागतो, तो सिम कंपनीच देते. 'अनलॉक करून देतो' म्हणणारा अंदाजाने आकडे मारत बसला आणि १० वेळा चुकला, तर सिम कायमचं बाद.

दुरुस्ती करायचीच ठरली तर सिम काढून घ्या, आयएमईआय लिहून ठेवा, बदललेला पार्ट परत द्यायचं आधीच कबूल करून घ्या आणि बिलावर पार्टचं नाव लिहून मागा. परत घेताना तिथेच उभं राहून *#०६# डायल करा आणि अंक जुळवा.

एका बाबतीत मात्र तपासत बसू नका. चालू सिमचं नेटवर्क अचानक गेलं, त्याच कंपनीचे शेजारचे फोन चालू आहेत, आणि त्याआधी कोणी 'सिम अपग्रेड'च्या नावाखाली ओटीपी, सिमवरचा लांबलचक नंबर किंवा ३२ अंकी ईआयडी (फोनमध्येच बसवलेल्या ई-सिमचा ओळख क्रमांक) विचारला होता. अशा वेळी तुमचा नंबर दुसऱ्याच्या सिमवर गेलेला असू शकतो. दुसऱ्या फोनवरून आधी सिम कंपनीला गाठा, सिम बदलण्याची किंवा ई-सिमची विनंती नोंदली गेली आहे का ते विचारा आणि नंबर ब्लॉक करायला सांगा. लगेच बँकेला कळवून व्यवहार थांबवा. ईमेलचा पासवर्ड त्यानंतर बदला, आणि तोही ओटीपी त्या नंबरवर न मागवता.