तारा खरा, गोष्ट बनावट

विक्रेत्याचं नाव लिहीत नाही. ‘सोव्हिएत रेड स्टार, बर्लिनच्या लढाईत मिळालेला, पुस्तिकेसकट’ अशी जाहिरात होती. रेड स्टार म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं सोव्हिएत सन्मानपदक, आणि पुस्तिका म्हणजे ते मिळालेल्या माणसाच्या नावाची, त्याच्या पदकांची नोंद असलेली. दुकान रशियाबाहेरचं. रशियात अशी सन्मानपदकं विकणं फौजदारी संहितेच्या कलम ३२४ खाली गुन्हा आहे, सोव्हिएत काळातली असली तरी.

पॅकिंग चोख. माझी हयात घड्याळं उघडण्यात गेली, त्यामुळे मी आधी तारा उलटा केला आणि डोळ्याला आयग्लास लावला. ‘मोनेत्नी द्वोर’, म्हणजे टांकसाळीची अक्षरं, उठावाची आणि कडा करकरीत. क्रमांक हाताने कोरलेला. प्रत्येक आकड्याच्या तळाशी धातू कापत गेलेल्या कोरणीची चकाकी, ७ च्या शेपटीला तर कारागिराचा हात जरासा घसरलेला. ओतीव नकलेत हे येत नाही. तिथे आकडे मेणात बोट फिरवल्यासारखे गोलसर दिसतात. चांदी खरी, तारा खरा.

एका टोकावरचा लाल मीना मात्र यूव्ही टॉर्चखाली पांढुरका उजळला. तो भट्टीतला नव्हे, मागाहून भरलेला. जाहिरातीत याचा उल्लेख नाही. असो, असे टवके उडतातच.

खरी गोम क्रमांकात. तो ३४ लाखांच्या पुढचा, म्हणजे युद्धानंतरचा. पुस्तिकेत तारीखही १९५३ ची! १९४४ ते १९५७ या काळात १५ वर्षं सैन्यात काढली की हाच तारा मिळायचा, गोळी न झाडताही. बर्लिनच्या गोष्टीपायी मी ४० युरो जादा मोजले होते. कळवलं, तर उत्तर आलं, “पण तो माणूस युद्धात होताच ना!” ४० युरो परत मिळाले, तेही तीन ईमेलनंतर. मालाला पाचपैकी चार, जाहिरातीच्या भाषेला एक.

पुस्तिकेत त्याच माणसाचं ‘झा ओत्वागू’ हे शौर्यपदकही नोंदलेलं आहे. त्याचं नाव रशियन संरक्षण मंत्रालयाच्या ‘पाम्यात नारोदा’ या ऑनलाइन दफ्तरात टाकलं, तर त्या पदकाचा १९४४ चा आदेश सापडला. तोफांच्या माऱ्यात तुटलेली टेलिफोनची तार त्याने एका दिवसात सात वेळा जोडली होती. ते पदक कुठे गेलं, असं विक्रेत्याला विचारलं. त्याच्याकडे आलंच नव्हतं म्हणे.