दहा महिन्यांनंतर: गोळी, समुपदेशन आणि पहाटेचं चालणं

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर साताऱ्याच्या एसटी स्टँडवर मला घबराटीचा पहिला झटका आला. छाती धडधडायला लागली, हातापायांना मुंग्या आल्या, श्वास पुरेना. आपण आता इथेच जाणार, याबद्दल मनात काडीचीही शंका नव्हती. लोकांनी जवळच्या दवाखान्यात नेलं. ईसीजी नॉर्मल, रक्त नॉर्मल. "टेन्शन घेऊ नका, चार दिवस कुठेतरी फिरून या," असं सांगून घरी पाठवलं. त्या वाक्याचा मला अजून राग आहे, कारण पुढचे दोन महिने मला काही झालेलंच नाही हे स्वतःला पटवण्यात गेले.

मी हायस्कूलला गणित शिकवतो. वीस वर्षं तेच शिकवतोय. डिसेंबरात एका सकाळी नववीच्या वर्गात फळ्यावर उदाहरण अर्धं सोडवलं आणि पुढची पायरीच सुचेना. खडू हातात तसाच. एरवी दंगा करणारी पोरं एकदम गप्प झाली. त्यांच्या त्या गप्प बसण्यानं मला जास्त भीती वाटली. घरी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर अकरा दिवस बांधलेल्या गठ्ठ्यात पडून होते. जेवणाला चव नाही आणि रोज पहाटे साडेतीनला टक्क जाग. त्या वेळी येणारे विचार घरात कुणाला सांगण्यासारखे नव्हते.

अशाच एका रात्री बायकोनं मला गॅलरीत एकटं बसलेलं पाहिलं. "अहो, मला नाही सांगता येत तर निदान यांना सांगा," म्हणत तिनं स्वतःच 14416 लावून फोन माझ्या हातात दिला. ही टेलि-मानस, म्हणजे मानसिक त्रासासाठी फोनवर मदत देणारी सेवा, केंद्र सरकारनं 10 ऑक्टोबर 2022 ला सुरू केली. चोवीस तास चालते, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. पलीकडच्या बाईंनी थोडं ऐकून घेतलं आणि सरळ विचारलं, "जीव द्यावा असं मनात येतं का?" हो म्हणालो आणि रडायला आलं. तो प्रश्न विचारल्यानं माणूस त्या वाटेला लागेल अशी भीती अनेकांना वाटते. मला तर त्या प्रश्नानं छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. फोन ठेवण्याआधी घरातली कोणती वस्तू माझ्या हाताला लागू नये हेही त्यांनी बायकोशी बोलून ठरवलं.

जानेवारीत मानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. आधी थायरॉइड आणि बी-12 तपासायला सांगितलं, कारण त्यांच्या कमतरतेतही माणूस असाच मरगळतो. मग नैराश्य किती आहे ते मोजणारा नऊ प्रश्नांचा कागद दिला. पीएचक्यू-9 म्हणतात त्याला, जास्तीत जास्त 27 गुण, आणि जितके जास्त तितका त्रास जास्त. माझे 19 आले. एस्सिटालोप्राम हे नैराश्यावरचं औषध सुरू झालं, आणि झोपेसाठी फक्त दोन आठवडे एक वेगळी गोळी, तिची सवय लागते म्हणून तेवढीच. पहिले दहा दिवस वाईट गेले: मळमळ, अस्वस्थता, तोंड कोरडं. याची कल्पना डॉक्टरांनी आधीच दिली होती, परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतील असंही सांगितलं होतं. ते सांगितलं नसतं तर मी पाचव्या दिवशीच गोळी सोडली असती. साधारण चौथ्या आठवड्यात एका दुपारी आमटीला चव लागली. मी दोनदा वाढून घेतली.

मोठी चूक मार्चमध्ये केली. बरं वाटत होतं, आई रोज म्हणत होती, "बाळा, असल्या गोळ्यांची सवय लागते." न विचारता गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी मान वळवली की डोक्यात वीज सरकल्यासारखं व्हायचं, चक्कर यायची, चिडचिड वाढली. तीन आठवड्यांत पहाटेची साडेतीनची जाग परत आली. डॉक्टर रागावले नाहीत. ही गोळी अचानक सोडायची नसते, आणि पूर्ण बरं वाटायला लागल्यावरही निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायची असते, हे त्यांनी पुन्हा समजावलं. या वेळी आईलाही सोबत बसवलं. तिला एवढंच विचारलं, "आजी, तुम्ही बीपीची गोळी किती वर्षं घेताय?" आता आमच्या दोघांच्या स्ट्रिप्स एकाच स्टीलच्या डब्यात असतात आणि रात्री आठवण तीच करते.

समुपदेशनाचा पहिला अनुभव फसला. चांगले विचार करा, देवानं किती दिलंय ते पाहा, हेच तीनदा ऐकलं आणि समुपदेशक बदलले. हे बदलता येतं, त्यात गैर काही नाही. दुसऱ्या ताईंनी वही करायला लावली. घटना, मनात आलेला विचार, किती भीती वाटली, आणि पुरावा काय. एक नोंद जशीच्या तशी देतो. शिपायानं मुख्याध्यापकांची चिठ्ठी आणली: मधल्या सुट्टीत भेटा. विचार: पालकांनी तक्रार केली, आपली नोकरी जाणार. भीती: शंभरात नव्वद. पुरावा: काही नाही. प्रत्यक्षात सहलीच्या बसचे पैसे जमा करायचं काम माझ्याकडे द्यायचं होतं. अशा साठ-सत्तर नोंदी झाल्यावर मला माझ्या भीतीचा साचा ओळखता यायला लागला.

चालण्याबद्दल ताईंनी सांगितलेलं मी आधी मानत नव्हतो. म्हणाल्या, उत्साह आल्यावर निघायचं असं ठरवलंत तर कधीच निघणार नाही. सहा वाजले की बूट घाला, मन मागून येईल. पहिला आठवडा फाटकापर्यंत जाऊन परत आलो, तेवढंच. मग टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत. मे महिन्यात एकदा अजिंक्यताऱ्यावर पोचलो आणि खाली सातारा दिसला तेव्हा बराच वेळ बसून राहिलो. जुलैत धुकं आणि निसरडा रस्ता, तेव्हा घरातल्याच जिन्यावर चढ-उतार. सकाळच्या उजेडानं रात्रीची झोपही सुधारली. दुपारी चारनंतरचा चहा सोडणं सगळ्यात जड गेलं. फोन रात्री स्वयंपाकघरात ठेवतो. ध्यानाचं ॲप मात्र मला जमलं नाही, डोळे मिटले की धडधड वाढायची. कुणाला उपयोग होत असेल.

खर्चाचं: डॉक्टरांची फी सहाशे, समुपदेशन पाऊण तासाला आठशे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे विम्यात शारीरिक आजारांसारखंच मानसिक आजारांनाही संरक्षण द्यावं लागतं, पण माझ्या पॉलिसीत बाह्यरुग्ण तपासणीच बसत नाही, त्यामुळे सगळं खिशातून गेलं. ज्यांना हे झेपणार नाही त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या मनोविकार विभागात जरूर चौकशी करावी. पैसे नाहीत म्हणून थांबू नका, कळकळीनं सांगतो.

मागच्या महिन्यात त्याच नऊ प्रश्नांच्या कागदावर गुण 5 आले. गोळी उन्हाळ्यापर्यंत चालू राहील, मग हळूहळू कमी करायची. गेल्या आठवड्यात पुन्हा दोनदा पहाटे साडेतीनला जाग आली. वीस मिनिटं पडून राहिलो, मग उठून स्वयंपाकघरात बसलो, फोनला हात लावला नाही. वहीत दोन ओळी लिहिल्या. सहा वाजता बूट घातले.