पक्की नोकरी की दहा महिन्यांचं कंत्राट?

एका हातात कायमच्या नोकरीचं पत्र, दुसऱ्या हातात एखाद्या मालिकेच्या लेखनचमूत किंवा अ‍ॅनिमेशन स्टुडिओत दहा महिन्यांचं काम. अशा वेळी सल्लागारांना तोटा नसतो. निम्मे म्हणतात मनाचं ऐक, निम्मे म्हणतात हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नकोस. दोन्हीकडची कागदपत्रं मात्र कुणीच वाचलेली नसतात.

आधी पैसा. पगार आणि मानधन यांचे महिन्याचे आकडे शेजारी ठेवले की मानधन भरघोस दिसतं. पण दहा महिन्यांनंतर पुढचं काम मिळेपर्यंत सहा महिने रिकामे जाणार असतील, तर एकूण रकमेला दहानं नव्हे, सोळानं भागायला हवं. म्हणजे महिन्याचं मानधन पगाराच्या 1.6 पट असेल तेव्हा कुठे बरोबरी होते. भरपगारी रजा, विमा, निवृत्तीसाठी कंपनी भरते ती रक्कम हे सगळं वेगळंच. सहा महिने हा माझा अंदाज. त्या क्षेत्रातल्या दोन-तीन जणांना त्यांची शेवटची दोन कामं किती अंतरानं मिळाली ते विचारा आणि तो आकडा घाला.

त्याहून घातक असते ती मानधनाच्या हप्त्यांची अट. ‘दुसरा हप्ता मसुदा मंजूर झाल्यावर’ हे वाक्य निरुपद्रवी दिसतं. मंजुरी कोण देणार? किती दिवसांत? फेरलेखनं किती, आणि त्यानंतरच्या प्रत्येक फेऱ्याचे पैसे वेगळे मिळणार का? प्रकल्पच गुंडाळला गेला तर झालेल्या कामाचं काय? याची उत्तरं कागदावर नसतील तर चौथा मसुदा लिहीत असतानाही तुमच्या खात्यावर पहिलाच हप्ता असतो, आणि कुणावर बोट ठेवायलाही जागा नसते. श्रेयनामावलीत नाव येणार का, हेही तिथेच पाहून घ्यावं. पुढचं काम मिळवून देणारी गोष्ट बहुतेकदा तीच असते.

ही अनिश्चितता तुमच्या गुणवत्तेवर अवलंबून असते असंही नाही. 2023 साली हॉलिवूडच्या पटकथाकारांनी 2 मे ते 27 सप्टेंबर असा 148 दिवस संप केला. मालिकांचे भाग कमी झाले, लेखकांचे चमू आक्रसले, कामाचे आठवडे घटले, ही त्यांची एक मोठी तक्रार होती. नावाजलेल्या लोकांचीही त्यातून सुटका नव्हती.

आता नोकरीची बाजू. तिचं मोल पगाराइतकंच ती किती वाजता सुटते यावर ठरतं. कादंबरीकार फ्रान्झ काफ्का 1907 साली एका खासगी विमा कंपनीत लागला. तिथले लांबलचक तास सोसेनात म्हणून वर्षभराच्या आत बाहेर पडला. 1908 मध्ये प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत गेला, तिथलं काम दुपारी दोनला संपायचं. कुरकुर त्यानं तिथेही केली, पण 1922 पर्यंत ती नोकरी टिकवली आणि रात्री लिहीत राहिला. दोन्ही नोकऱ्या विम्याच्याच, फरक तासांचा. तेव्हा तुमच्या हातातली पक्की नोकरी यांतली कुठली, हे आधी बघा. रात्री नऊनंतरही फोन वाजणार असेल तर ‘नोकरी सांभाळून लिहीन’ हे मनाचे मांडे आहेत.

उलट सर्जनशील म्हणवणाऱ्या कामात तुमचं स्वतःचं किती असतं, हाही प्रश्न उरतो. दिवसभर दुसऱ्याच्या सूचनांबरहुकूम संवाद पाडून घरी आलेल्या माणसाला संध्याकाळी स्वतःची कादंबरी सुचेल याची मला तरी खात्री वाटत नाही. हिशेबाच्या वह्या त्या मानानं डोकं मोकळं सोडतात. मात्र चमूत शिकण्यासारखी माणसं असतील तर मी हा तोटा सहज सोसेन.

इंग्रजी कवी टी. एस. एलियट 1917 पासून लंडनच्या लॉईड्स बँकेत होते. त्यांनी बँक सोडून फक्त लिहावं म्हणून त्यांचे कविमित्र एझरा पाउंड यांनी 1922 मध्ये वर्गणी गोळा करायची खटपट केली. एलियट अवघडले आणि बेत बारगळला. बँक त्यांनी सोडली ती 1925 साली, एका प्रकाशनसंस्थेत पगाराची जागा मिळाल्यावर.

मधली वाटही तपासण्यासारखी आहे. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, नोकरी धरून व्यवसाय सुरू करणाऱ्यांचा व्यवसाय बंद पडण्याची शक्यता नोकरी आधीच सोडणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी आढळली. तो अभ्यास व्यवसायांचा आहे, कलेचा नाही, पण आधी छोटं काम घेऊन त्या मंडळींची पद्धत पारखायला काय हरकत आहे? आधीच नोकरीत असाल तर बिनपगारी रजेची चौकशीही करा.

माझा कौल असा: रिकाम्या महिन्यांचा खर्च गाठीशी असेल, हप्त्यांच्या तारखा लेखी असतील आणि नाव लागणार असेल, तर कंत्राट घ्यावं. यांतलं एक कमी असेल तर त्यासाठी घासाघीस करावी. दोन नसतील तर नोकरी, तीही वेळेवर सुटणारी. आणि ‘उद्या सकाळपर्यंत कळवा’ म्हणणाऱ्यांकडे आठवडाभराची मुदत जरूर मागा; पुढे तुमचे हप्ते याच लोकांनी मंजूर करायचे आहेत.