मासा विकायच्या आधी टाकीचं माप विचारणारं सांगलीतलं दुकान

सांगली-मिरज रोडला विश्रामबागच्या पुढं आत गल्लीत खाऱ्या पाण्याच्या माशांचं एक छोटं दुकान आहे, तिथं गेल्या वर्षभरात माझ्या सहा-सात चकरा झाल्यात म्हणून लिहितेय. आपल्याकडं गोड्या पाण्याचे मासे गल्लोगल्ली मिळतात, गोल्डफिश काय नि गप्पी काय, पण मरीन टँक म्हटलं की लोक सरळ पुणं नाहीतर मुंबईतलं कुर्ला मार्केट गाठतात. मी पण तेच केलेलं.

पुण्यातल्या एका दुकानातून मी ब्लू टँग आणला होता. दोन इंचाचा, निळाजर्द, शेपूट पिवळी, माझी लेक तर त्याच्यासमोरून हलायचीच नाही. टाकी आमची तीन फुटी. दुकानदाराला मी सांगितलं पण होतं तीन फुटी आहे म्हणून, तो म्हणाला काही होत नाही मॅडम, मासा टाकीच्या हिशोबानं वाढतो. हे साफ खोटं आहे, हे मला नंतर कळलं. टँग वाढला की फुटभर होतो आणि समुद्रात दिवसभर लांब लांब पोहणारा मासा तो, आमच्याकडं एका काचेवरून दुसऱ्या काचेवर नुसता येरझाऱ्या घालायचा. दीड महिन्यात अंगावर मीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके आले, टँगला हा रोग तसाही लवकर धरतो आणि ताणात असला की जास्तच, नि आठवड्यात गेला. लेक दोन दिवस नीट जेवली नाही. मला अजून त्या माशाचं वाईट वाटतं.

म्हणून या दुकानात पहिल्यांदा गेले तेव्हा दुकानवाल्या काकांनी मासा दाखवायच्या आधी विचारलं, "ताई, टाकी किती बाय कितीची हाय ते आधी सांगा," तेव्हाच बरं वाटलं. तीन बाय दीड बाय दीड म्हटल्यावर त्यांनी कागदावर मांडून दाखवलं, भरून 190 लिटरच्या आसपास, त्यातनं वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा केली की खरं पाणी 150 च धरायचं. मासे त्या 150 च्या हिशोबानं घ्यायचे, बाहेरून मोजलेल्या टाकीच्या नाही.

लेकीला तिथला इंपेरर एंजल आवडला, गडद निळा आणि अंगावर पांढऱ्या गोल गोल रेघा, जेमतेम तीन बोटांचा. काकांनी मोबाईलवर त्याच माशाचा मोठेपणीचा फोटो काढून तिच्या हातात दिला, निळ्या-पिवळ्या आडव्या पट्ट्या, डोळ्यावर काळा पट्टा, वेगळाच मासा वाटतो ओ! हा होतो सव्वा फुटाचा आणि आमची टाकी मागं-पुढं दीड फूट, म्हणजे धड वळता पण येणार नाही. विकायला ठेवलेला महागाचा मासा, गिऱ्हाईक पैसे घेऊन समोर उभं, तरी दिला नाही. दुकानात येणारे बहुतेक मासे पिल्लंच असतात, लहान पिशवीत जास्त मावतात, विमानाचं भाडं कमी पडतं, त्यामुळं काचेत दिसतो त्या मापावर घेऊच नका, मोठेपणी किती होणार ते विचारा, हे त्यांनी लेकीला समजावलं, मला नाही, आणि तिला पटलं.

मग घेतली क्लाउनची जोडी. त्यात पण माप बघूनच, एक थोडा मोठा नि एक बारका. क्लाउनफिश सगळे जन्मताना नर असतात, जोडीतला मोठा असतो तो मादी होतो, त्यामुळं मापात फरक असला की भांडणं कमी होतात. मादी वाढून फार तर चार इंचाची. त्यानंतर महिन्याभरानं रॉयल ग्रामा, पुढून जांभळा मागून पिवळा, तीन इंचाचा, दगडाच्या कपारीत राहतो. डॅमसेल मागितला तर म्हणाले सगळ्यात शेवटी टाका, इवलासा असतो पण आधी गेला की अख्खी टाकी आपलीच समजतो. लायनफिशचं तर नावच काढू नका म्हणाले, तोंडात मावंल ते गिळतो.

आणखी एक आवडलं. नवीन आलेला मासा दोन आठवडे वेगळा ठेवतात आणि द्यायच्या आधी समोर खायला घालून दाखवतात. जिवंत कोरल, म्हणजे प्रवाळ, मात्र मागू नका, कायद्यानं विकताच येत नाही, त्यांच्याकडं सिरॅमिकचे दगड आहेत, आमच्याकडं तेच आहेत नि मस्त चाललंय.

आता तक्रारी. किंमत कुठंच लिहिलेली नसते, दरवेळी विचारावी लागते. क्लाउनची जोडी 1600 ला पडली, पुण्यापेक्षा जरा जास्त. माल कमी असतो, फोन चार वेळा केला की एकदा उचलतात, सोमवारी बंद. आणि दुपारी गिऱ्हाईकाला नीट वेळ देत नाहीत, संध्याकाळी सहानंतर जा. एप्रिल-मेमध्ये घरी नेताना थर्माकोलचा डबा आपलाच न्या, त्यांची पिशवी पातळ असते आणि आपल्या उन्हात मिरजेपर्यंत सुद्धा पाणी तापतं.

आता आम्हाला फायरफिश हवाय, साडेतीन इंचाच्या वर जात नाही, आमच्या टाकीला चालतो. पण तो घाबरला की उडी मारतो, म्हणून झाकणाला जाळी बसवल्याचा फोटो दाखवल्याशिवाय देणार नाही म्हणालेत. रविवारी मारुती रोडला जाऊन जाळी आणायचीय.