पिवळा पेन पीएच मीटर: मातीला पास, रक्ताला नापास

मुंबईत मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटला लागलं की लॅबच्या सामानाच्या दुकानांत पीएच, म्हणजे सामू, मोजणारा हा पेन हटकून दिसतो. किंमत हजाराच्या आसपास. डब्यात बफर, म्हणजे ठराविक पीएचचं द्रावण, करायच्या पावडरच्या दोन पुड्या (६.८६ आणि ४.०१) आणि एक छोटा स्क्रू ड्रायव्हर. अचूकता ±०.१ छापलेली असते. ती खरीही ठरते, पण पुडीबरोबरच्या चिठ्ठीत जे लिहिलेलं नसतं ते पाळलं तरच.

पहिली गोम त्या स्क्रूची. स्क्रू फिरवून ६.८६ आणला की लोक समजतात मीटर लागला. स्क्रू फक्त आकडा वरखाली सरकवतो, स्लोप (दर पीएचमागे मिळणारे मिलिव्होल्ट) सुधारत नाही. पेनच्या टोकाचा काचेचा बल्ब २५ अंशांना दर पीएचमागे ५९.१६ मिलिव्होल्ट देतो. बल्ब जुना होऊन हे ९० टक्क्यांवर आलं, तर ६.८६ बरोबर लागूनही ४.०१ च्या बफरमध्ये पेन ४.३ दाखवतो. म्हणून दुसरा बफर तपासायचाच. सीएएल (कॅलिब्रेशन) बटणाचं मॉडेल दोन बफरवर लागतं, शंभर-दोनशे जास्त गेले तरी तेच घ्या. क्षारीय बाजूला काम असेल तर बोरॅक्सचा ९.१८ वेगळा घ्यावा लागतो. तो ३० अंशांना ९.१४ असतो आणि मुंबईत एसी नसलेली लॅब वर्षातला बराच काळ ३० च्या आसपास असते. उघडा राहिला तर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून आणखी उतरतो.

बहुतेक पेन मरतात ते डिस्टिल्ड वॉटरमध्ये बुडवून ठेवल्याने. धुवायला डिस्टिल्ड, ठेवायला ३ मोलर केसीएल (पोटॅशियम क्लोराइड): १०० मिलीला २२.४ ग्रॅम. टोपीत स्पंजवर चार थेंब पुरतात. सुकलेला बल्ब ०.१ नॉर्मल एचसीएलमध्ये (हायड्रोक्लोरिक आम्लात) अर्धा तास, मग रात्रभर केसीएलमध्ये ठेवला की बरेचदा उठतो. टिश्यूने टिपायचा, घासायचा नाही.

मातीला मात्र हा पेन छान चालतो. वाळवून चाळलेली २० ग्रॅम माती, ५० मिली डिस्टिल्ड वॉटर, अर्धा तास मधूनमधून ढवळायचं, गाळ बसू द्यायचा आणि बल्ब वरच्या पाण्यात धरायचा. कुंडीत थेट खुपसला तर बल्बवर चरे पडतात आणि सामूही खोटा येतो. नळाचं पाणी मोजताना आकडा सरकत राहिला तर पेनला शिव्या देऊ नका. आपल्याकडे येतं तलावाचं पाणी, त्यात क्षार कमी, स्थिर व्हायला दोन मिनिटं द्या.

टिश्यू कल्चरमध्ये रोपं वाढवायच्या एमएस मीडियमला (पोषक द्रावणाला) पीएच ५.८ हवा. तो अगार घालण्याआधी, १ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड थेंब थेंब टाकत लावा. गरम अगार बल्बवर गोठला की तो पेन विसरा. दूध, सीरम, पेप्टोन असलेल्या मीडियात जंक्शन (बल्बशेजारचं बारीक सच्छिद्र तोंड) प्रथिनांनी बुजतं आणि आकडा रेंगाळतो. ०.१ नॉर्मल एचसीएलमध्ये १ टक्का पेप्सिन करून तासभर बुडवलं की मोकळं होतं.

रक्तासाठी मात्र विचारही नको. निरोगी माणसाचा पीएच ७.३५ ते ७.४५, म्हणजे सगळा पट्टाच ०.१ चा, आणि पेनची ±०.१ ची चूकच त्याच्या दुप्पट रुंद. या यंत्राचा वंश तसाही दवाखान्यातला नव्हे: १९३४ साली रसायनशास्त्रज्ञ आर्नल्ड बेकमनने कॅलिफोर्नियात पहिला मीटर जुळवला तो लिंबाच्या रसाची आम्लता मोजायला.

घेताना दोन्ही बफर छोट्या बाटल्यांत घरून न्या. ६.८६ ला लावा, धुवा, ४.०१ मध्ये बुडवा. एका मिनिटात ३.९ ते ४.१ मध्ये थांबला तर पैसे द्या. नाही थांबला तर दुसरा पेन मागा, एकाच खोक्यातले दोन पेनही सारखे निघत नाहीत. स्वस्त पेनचा बल्ब बदलता येत नाही, फक्त बटन सेल बदलतात. तेव्हा नीट ठेवूनही वर्ष-दीड वर्षाने नव्याचा खर्च धरून चाला.