क्षार ‘मारणारं’ औषध आणि माझे ७८,१०० रुपये

मावळ, खेड, शिरूर पट्ट्यात पॉलिहाऊसवाल्यांकडे एक गोडबोल्या फिरतोय. गळ्यात ओळखपत्र, खिशात ईसी मीटर (पाण्यातले क्षार मोजायचं यंत्र), तोंडात ‘माती परीक्षण मोफत’. मला त्याने ७८,१०० रुपयांना टोपी घातली. औषधाचे २० लिटरचे चार कॅन, प्रत्येकी १४,५००, म्हणजे ५८,०००. ‘सूक्ष्म अन्नद्रव्य किट’ १८,६००. आणि मोफत परीक्षणाचा रिपोर्ट चार्ज १,५००!

माझी दहा गुंठे ढोबळी मिरची. शेंड्याची पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, बेडच्या कडेला पांढरी खपली. बँकेचा हप्ता डोक्यावर असताना माणूस कुणाचंही ऐकतो. हसणाऱ्यांनी आधी पॉलिहाऊस टाकून बघावं.

त्याचा तो डेमो आठवला की अजून तळपायाची आग मस्तकात जाते. पहिल्या ग्लासात दोन चमचे माती, आमच्या बोअरचं पाणी बेताचंच. मीटर २.४. दुसऱ्यात जेमतेम अर्धा चमचा माती, पाणी त्याच्या बाटलीतलं आणि काठोकाठ, वर औषधाचे थेंब. मीटर ०.६. “बघा माउली, क्षार मेले!” अहो, क्षार मरतात होय? एक तर पाण्याबरोबर मुळांखाली उतरतात, नाहीतर तिथेच बसतात. चमचा अर्धा झालेला मला दिसत होता. शेजारी उभ्या असलेल्या बीएस्सी अॅग्रीवाल्या पुतण्यालाही दिसत होता. तोही गप्पच.

रिपोर्ट त्याच संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर आला. माती सावलीत सुकवून, चाळून मग तपासतात. संध्याकाळपर्यंत रिपोर्ट देणारा चोर समजा.

ठिबकमधून सगळं सोडलं. पानांच्या कडा करपल्या, फळांच्या टोकाला काळे डाग पडले. मग प्रयोगशाळेत माती दिली: सामू (पीएच) ८.४, चुनखडी भरपूर, ईसी आणखी चढलेला. लोह मातीत होतं, चुनखडीमुळे मुळांना मिळत नव्हतं. किटमधलं लोह ईडीटीए या रसायनात बांधलेलं, ते एवढ्या सामूला टिकत नाही, ईडीडीएचएमध्ये बांधलेलं लागतं. वर किटमधल्या क्षारांची भर पडली ती वेगळीच. पॉलिहाऊसमध्ये पाऊस पडत नाही, त्यामुळे विद्राव्य खतांचं आणि बोअरचं उरलंसुरलं बेडमध्येच साठतं. त्याला उपाय चांगल्या पाण्याने निचरा. जिप्समही कुणी म्हणतं म्हणून टाकू नका, सोडियम जास्त निघाला तरच.

तक्रारीचं तर विचारूच नका. कृषी कार्यालयात म्हणाले, कॅनवर ‘सॉइल कंडिशनर’ लिहिलंय, खत नाही, आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या टेबलावर म्हणाले, येतं, पण नमुना सीलबंद कॅनचाच लागतो. मी काय कॅन पूजेला आणले होते? पोलीस म्हणाले, हा व्यवहारातला वाद. सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन केला तर, पैसे तुम्हीच पाठवलेत ना, माल मिळालाय ना! ग्राहक आयोगासाठी वकील पक्कं बिल मागतो. माझ्याकडे कच्ची चिठ्ठी, बॅच नंबर नाही, परवाना क्रमांक नाही, आणि यूपीआय गेलंय कुणाच्या तरी वैयक्तिक खात्यावर. परवाना न दाखवता विकणारा मोकळा, आणि कागद मात्र आम्ही गोळा करायचे.

पक्कं बिल नाही तर पैसे नाहीत. मीटर आपलाच वापरा, दोन्ही ग्लासांत माती-पाणी वजनावर घ्या. तुमच्याकडे तो कॅन न फोडलेला असेल तर सील तसंच ठेवा आणि मला कळवा. नमुना न घ्यायला आता कृषी कार्यालयाला निमित्त उरणार नाही.